बंदराविना बंदर

चेन्नईच्या वेस्ट मांबलम भागात आज समुद्राची चाहूलही लागत नाही. मांबलम स्थानकाच्या पश्चिमेस दाटीवाटीची घरे, देवळे आणि आर्य गौड रस्त्यावरील दुकाने यांचीच वर्दळ दिसते. एकोणिसाव्या शतकात हे मद्रास शहराबाहेरचे एक खेडे होते. त्याच्या पूर्वेस मैलोगणती पसरलेला एक लांबट तलाव होता. तो १९२३ नंतर बुजवला गेला आणि त्यावर त्यागराजनगर उभे राहिले. ज्या व्यापाराच्या जोरावर मद्रास फुगत फुगत येथवर आले, तो व्यापार येथून सुमारे सहा मैलांवर, सेंट जॉर्ज किल्ल्यालगतच्या किनाऱ्यावर चालत असे. त्या जागेला ‘बंदर’ म्हणताना मात्र थोडे जपूनच म्हणावयास हवे.

मुंबईला निसर्गाने बेटांचा आडोसा आणि खोल पाणी दिले. मद्रासला त्यांपैकी काहीच लाभले नाही. सरळसोट वाळूचा किनारा आणि त्यावर बारमाही फुटणाऱ्या लाटा एवढेच तिच्या वाट्याला आले. जहाजे मैल-दीड मैल अंतरावर नांगर टाकून उभी राहत. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत ईशान्येच्या वाऱ्याच्या दिवसांत तेथे उभे राहणेही धोक्याचे असे. वादळाची लक्षणे दिसताच जहाजांना खोल समुद्रात निघून जाण्याची खूण किनाऱ्यावरून केली जाई. जहाज आणि वाळू यांच्यामध्ये फेसाळणाऱ्या लाटांच्या रांगा होत्या. गव्हर्नर असो वा तांदळाचे पोते, त्या ओलांडण्याचा मार्ग सर्वांना एकच होता, आणि तो मार्ग स्थानिक नावाड्यांच्या हाती होता.

या कामासाठी वापरली जाणारी नाव ‘मसुला’ या नावाने ओळखली जाई. तिच्यात एकही खिळा नसे. आंब्यासारख्या हलक्या लाकडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या असत आणि सांध्यांत काथ्या किंवा गवत ठासलेले असे. खिळ्यांनी जखडलेली युरोपीय होडी वाळूवर आपटली की फुटे. शिवलेली नाव लवे, वाकडी होई आणि पुन्हा पूर्ववत होई. लांब वल्ह्यांवर आठ-दहा माणसे बसत आणि मागे सुकाणूच्या वल्ह्यापाशी तांडेल उभा राही. कोकणातल्या वाचकाला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. लाटांचे गणित तांडेलाच्या डोक्यात असे. कोणत्या लाटेला थांबावयाचे आणि कोणत्या लाटेच्या पाठीवर बसून नाव किनाऱ्यावर फेकवावयाची, हे तो ओरडून सांगे आणि वल्हेकरी एका सुरात हाळी देत वल्ही मारीत.

सोबतीला ‘कट्टुमरम’ असत. ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. हे ओंडके एकत्र बांधून केलेले साधे तराफेच. इंग्रजीतील ‘कॅटमरान’ हा शब्द तेथूनच गेला. समुद्र खवळून नावा बंद पडल्या तरी ही माणसे निघत. ताडाच्या पानांच्या, पाणी न शिरणाऱ्या निमुळत्या टोपीत पत्रे ठेवून ती जहाजांपर्यंत पोहोचवीत. लाटेत माणूस पडला तर बाहेर काढणारेही हेच. बुडणाऱ्यांना वाचविल्याबद्दल कंपनी सरकारने त्यांना पदके दिली होती.

नावा नोंदवलेल्या असत आणि दर सरकारने ठरवून दिलेले असत. तरीही ऐन लाटांमध्ये वल्ही थांबवून हे लोक बक्षिसी मागतात, अशी तक्रार युरोपीय प्रवाशांनी वारंवार लिहून ठेवली आहे. ती खोटी मानण्याचे कारण नाही. परंतु प्रवाशांना लिहिता येत होते आणि वल्हेकऱ्यांना नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. ज्या फेरीत नाव उलटण्याची भीती रोजचीच, तिची मजुरी कचेरीत बसून ठरवावयाची आणि वर चार आणे जास्त मागितले की त्याला लबाडी म्हणावयाचे, हा हिशेब एकतर्फीच होय.

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात या किनाऱ्याची खरी कसोटी लागली. इलाख्याच्या आतील जिल्ह्यांत माणसे अन्नावाचून मरत होती आणि ब्रह्मदेश व बंगालमधून आलेल्या धान्याची जहाजे मद्राससमोर उभी होती. रायपुरमहून आगगाडी १८५६ पासून धावत होती आणि लोखंडी खांबांचा एक धक्काही १८६० च्या दशकात समुद्रात गेला होता. तरी ते धान्य मुख्यतः नावांनीच उतरले. वाळूवर पोत्यांच्या टेकड्या उभ्या राहिल्या, कारण ते पुढे वाहून नेण्यास रेल्वे अपुरी पडत होती.

नावाड्यानंतरचा मान दुभाषाचा. ‘दोन भाषा जाणणारा’ हा अर्थ उघड आहे. मुंबईत तर ‘दुभाष’ हे आडनावच झाले. मद्रासचा दुभाष मात्र निव्वळ भाषांतरकार नव्हता. नवख्या साहेबाला घर, नोकर, पालखी आणि कर्ज मिळवून देणारा, त्याच्या मालाला गिऱ्हाईक आणणारा असा तो मध्यस्थ होता. या धंद्यात गडगंज झालेल्या पच्चैयप्पा मुदलियार यांच्या (मृत्यू १७९४) धर्मादाय निधीतून १८४२ मध्ये शाळा निघाली आणि पुढे तिचे महाविद्यालय झाले. जाता जाता सांगावयाचे तर, त्याच काळात या इलाख्यातील अनेक जिल्हा कचेऱ्यांचे महसुली हिशेब मराठीत लिहिले जात होते.

दुभाषाच्या पाठीशी पेढ्या होत्या. १७८८ साली आलेल्या टॉमस पॅरी या वेल्श गृहस्थाचे नाव आजही ‘पॅरीज कॉर्नर’ला आहे. हिगिनबॉथमचे पुस्तकांचे दुकान १८४४ पासूनचे. अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ भुशात बांधून आणणाऱ्या फ्रेडरिक ट्यूडरने १८४२ मध्ये किनाऱ्यावर बर्फघर बांधले. पुढे यंत्राने बर्फ होऊ लागला आणि तो व्यापार विरघळला. त्याच इमारतीत १८९७ साली स्वामी विवेकानंद राहिले होते. सर्वच पेढ्यांचा शेवट इतका निरुपद्रवी झाला नाही. ऑक्टोबर १९०६ मध्ये अर्बथनॉट कंपनी बुडाली आणि तिच्यावर विसंबलेल्या पेन्शनरांची, विधवांची व लहान व्यापाऱ्यांची पुंजी नाहीशी झाली. त्या धक्क्यातूनच १९०७ मध्ये इंडियन बँक उभी राहिली.

कृत्रिम बंदराचा पाया १८७५ मध्ये घातला गेला. १८८१ च्या नोव्हेंबरमधील चक्रीवादळाने काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंती आणि त्यांवरील अवजड याऱ्या समुद्रात लोटल्या आणि काम पुन्हा करावे लागले. शतक संपता संपता ते पुरे झाले. पुढे फ्रान्सिस स्प्रिंग या अभियंत्याने बंदराचे तोंड पूर्वेकडून ईशान्येकडे वळविले. जहाजे धक्क्याला लागू लागली आणि मसुला नावेचे काम संपले. ती उत्तरेकडील किनाऱ्यांवर रापण टाकणाऱ्या कोळ्यांकडे गेली.

या भिंतींनी आणखी एक गोष्ट केली. दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत जाणारी वाळू त्यांच्याशी अडली आणि दक्षिणेस विस्तीर्ण पुळण तयार झाली. तिच्या काठच्या रस्त्याला ‘मरीना’ हे नाव गव्हर्नर माउंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ यांनी १८८० च्या दशकात दिले. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफचे हे चिरंजीव. उत्तरेस मात्र वाळू पोहोचेनाशी झाली. तिकडे रायपुरमच्या बाजूला, जेथे नावाड्यांच्या आणि कोळ्यांच्या वस्त्या होत्या, समुद्र जमीन खाऊ लागला. तो थोपविण्यासाठी तेथे आज दगडांचे बांध घातलेले दिसतात.