मंगळाच्या नकाशाकडून विद्यापीठाच्या कारभाराकडे

उत्तम संशोधकाला प्रशासनाच्या खुर्चीत बसवलं की विज्ञान एक चांगला संशोधक गमावतं आणि संस्थेला एक सुमार प्रशासक मिळतो, अशी तक्रार विद्यापीठांच्या आवारात नेहमीच ऐकू येते. पुष्कळदा ती खरीही असते. ग्रहविज्ञानाला मात्र ती सरसकट लावता येत नाही. या शाखेत संशोधन करायचं तर कारभार शिकावाच लागतो. तो टाळून पुढे जायची सोयच नाही. अमेरिकेतल्या मारिया झुबर यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

झुबर यांचं विज्ञान मोजमापाचं. ग्रहाच्या पृष्ठभागाचे चढउतार लेझरने मोजायचे, त्याचं गुरुत्वाकर्षण कुठे किती कमीजास्त भरतं ते पाहायचं आणि त्यावरून पोटात काय आहे याचा अंदाज बांधायचा. मंगळासाठी असं लेझर उपकरण ‘मार्स ऑब्झर्व्हर’ यानावर बसवलं होतं. ऑगस्ट 1993मध्ये, मंगळाच्या कक्षेत शिरायला तीन दिवस उरले असताना यानाशी संपर्क तुटला, तो कायमचा. वर्षानुवर्षं खपून हाती एकही आकडा आला नाही. डेव्हिड स्मिथ यांच्या नेतृत्वाखालच्या या गटात झुबर होत्या. गट पांगला नाही. उपकरण नव्याने बांधलं गेलं आणि 1996मध्ये ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’वरून मंगळाकडे निघालं. लेझरचा झोत जमिनीवर आपटून परतायला किती वेळ लागतो यावरून उंची काढायची, अशी कोट्यवधी मोजमापं जमली. त्यांतून उत्तर गोलार्धातली विलक्षण सपाट मैदानं दिसली, दक्षिणेकडच्या हेलास खोऱ्याची नऊ किलोमीटरहून जास्त खोली कळली, आणि मंगळावरचं सर्वांत उंच ठिकाण नि सर्वांत खोल ठिकाण यांत सुमारे 30 किलोमीटरचं अंतर असल्याचं स्पष्ट झालं. नकाशा गाजला. त्याआधी पैसे देणाऱ्यांना दुसऱ्यांदा राजी करावं लागलं, खचलेल्या माणसांना धरून ठेवावं लागलं. ते श्रम कुठल्याच शोधनिबंधात नोंदले जात नाहीत.

पुढची पायरी ‘ग्रेल’ मोहिमेची. नासाच्या ग्रहमोहिमेचं नेतृत्व एका स्त्रीकडे जाण्याची ती पहिलीच वेळ. 2011मध्ये निघालेली दोन जुळी यानं 2012मध्ये चंद्राभोवती एकामागून एक फिरत होती, सरासरी अवघ्या 55 किलोमीटर उंचीवरून. खाली जास्त वस्तुमान असलं की पुढचं यान किंचित ओढलं जाई आणि दोघांमधलं अंतर बदले. हा बदल रेडिओलहरींनी मायक्रॉनच्या पातळीवर टिपला जाई. शालेय मुलांसाठीचे कॅमेरे सोडले तर यानांवर वैज्ञानिक उपकरण एकच होतं, आणि मला या मोहिमेतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच वाटतो. एकेक जास्तीचं उपकरण चढवण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही, आणि मोहिमांचा खर्च तिथेच फुगतो. ‘ग्रेल’ने चंद्राचं कवच आधीच्या अंदाजांपेक्षा पातळ, सरासरी 34 ते 43 किलोमीटर जाडीचं असल्याचं दाखवलं. जुन्या आघातांनी ते इतकं तडकलेलं निघालं की त्यात सरासरी 12 टक्के पोकळी आहे.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, झुबर 2003 ते 2011 विभागप्रमुख होत्या. तिथल्या एखाद्या विज्ञान विभागाच्या त्या पहिल्या स्त्री प्रमुख. 2013 ते 2024 संपूर्ण संस्थेच्या संशोधन उपाध्यक्ष. इथे एक वजनदार आक्षेप उभा राहतो. मोहिमेला एक उद्दिष्ट असतं, विद्यापीठाला हजार. आणि यान आपल्याशी वाद घालत नाही. हा आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. 2015मध्ये एमआयटीने हवामानविषयक कृती आराखडा जाहीर केला, पण खनिज इंधन कंपन्यांमधली गुंतवणूक काढून घ्यायला नकार दिला. विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर ठिय्या दिला, तो 2016च्या मार्चपर्यंत चालला. त्यांच्याशी बोलणी केली झुबर यांनी, पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणकामगारांच्या नातीने. समझोता झाला, पण गुंतवणुकीची मूळ मागणी मान्य झाली नाही. कितीही अचूक मोजमाप केलं तरी असा प्रश्न त्याने सुटत नाही. मोहिमेच्या अनुभवाने एवढंच शिकवलं असावं, की भिन्न मतांच्या माणसांना टेबलावरून उठू द्यायचं नाही.

दुसरा आक्षेप असा, की एका यशस्वी नावावरून नियम ठरत नाही. म्हणून लॉरी लेशिन यांच्याकडेही पाहायला हवं. ‘क्युरिऑसिटी’ रोव्हरने मंगळाची माती तापवली तेव्हा तिच्यात वजनाने सुमारे दोन टक्के पाणी आढळलं. 2013च्या या शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका लेशिन, आणि तेव्हा त्या न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सलेअर या संस्थेत अधिष्ठाता होत्या. म्हणजे खुर्चीने संशोधक गिळलाच पाहिजे असं नाही. पुढे त्या वूस्टर पॉलिटेक्निकच्या अध्यक्ष आणि 2022मध्ये नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या संचालक झाल्या. तिथे त्या रुजू होताच लघुग्रहाकडे जाणारी ‘सायकी’ मोहीम लांबणीवर पडली. चौकशी समितीने अपुरं मनुष्यबळ आणि संवादातल्या त्रुटींवर बोट ठेवलं. यान 2023मध्ये निघालं खरं, पण 2024मध्ये निधीअभावी शेकडो जणांची कपात करावी लागली आणि 2025मध्ये लेशिन यांनी पद सोडलं. वॉशिंग्टनमध्ये अंदाजपत्रक आक्रसलं तर उत्तम संचालकही फार काही करू शकत नाही. त्याचं खापर ग्रहविज्ञानाच्या शिदोरीवर फोडणं अन्यायाचं होईल, तसंच प्रत्येक यशाचं श्रेय तिला देणंही.

तरी कुलगुरू किंवा संचालक निवडणाऱ्या समित्यांनी उमेदवाराच्या शोधनिबंधांची यादी चाळताना आणखी एक चौकशी जरूर करावी: याचा एखादा मोठा प्रकल्प फसला, तेव्हा गटातली किती माणसं पुढच्या प्रकल्पात त्याच्यासोबत राहिली?