गाडी सुरू झाली, पण थांबेल का?

मोटारसायकल पहिल्या किकला सुरू झाली की आजूबाजूची पोरं टाळ्या वाजवतात. ती नीट थांबली म्हणून कुणी टाळ्या वाजवल्याचं तुम्ही पाहिलंय? मी तरी नाही!

मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट. माझ्या मामाची १०० सीसीची जुनी मोटारसायकल दोन वर्षं पोत्याखाली पडून होती. दिवाळीच्या सुट्टीत मामानं ती अंगणात आणली आणि अगदी शेवटच्या नटापर्यंत खोलली. सांगाड्याला काळा रंग दिला, नव्या वायरी आणल्या, ब्रेकला नवे लायनर आणले. आजीची जुनी परात नट-बोल्टांनी भरून गेली. पाने पुसून देणं आणि रॉकेलमध्ये सुटे भाग धुणं हे माझं काम. आठ दिवसांनी गाडी पुन्हा उभी राहिली. परातीत फक्त एक स्प्लिट पिन उरली होती, हेअरपिनसारखी दोन पायांची.

"मामा, ही कुठली रे?"

"असेल जास्तीची. ठेव डबीत," मामा म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं त्याच गाडीवरून घाट उतरून गावी जाणार होतो ना, तो घाईत होता.

गाडी सुरू झाली. टाळ्या झाल्या. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या गॅरेजचे मिस्त्री हात पुसत आले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "साहेब, इंजिन छान वाजतंय. पण जोडलेली गाडी सुरू होते का ते नंतर बघायचं, थांबते का ते आधी."

पुढचे तीन तास जे चाललं, ते मला अजून आठवतं. कारण मिस्त्रींनी एकही दोष नुसता सांगितला नाही, शोधून दाखवला.

गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. इंजिन हळूहळू फिरतंय. मिस्त्रींनी अॅक्सिलरेटरच्या मुठीला हातही न लावता हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं. काही नाही. मग डावीकडे वळवलं, आणि इंजिन एकदम भर्रर्र करून किंचाळलं! हँडल सरळ केलं की शांत. पुन्हा डावीकडे, पुन्हा भर्रर्र. मला वाटलं भूतच बसलंय गाडीत.

हे का झालं ते कळायला आधी ती वायर कशी असते ते बघू. तुमच्या सायकलीच्या ब्रेकलाही तीच असते. आत स्टीलच्या बारीक तारांचा पीळ, बाहेर गुंडाळलेल्या तारेचं कडक आवरण. १८९६ साली अर्नेस्ट बाउडेन याच्या नावानं तिचं पेटंट निघालं, म्हणून इंग्रजीत तिला बाउडेन केबल म्हणतात. गंमत अशी, की आतली तार एकटी काहीच करू शकत नाही. ती ओढली जाते तेव्हा बाहेरचं आवरण दोन टोकांना टेकून राहतं, म्हणून ओढ बरोबर पाहिजे तिथे पोचते, वाटेत कितीही वळणं असली तरी. पण समजा, आवरणच कुठे अडकलं आणि हँडल वळवताना ताणलं गेलं. मग त्याचं टोक खाचेतून थोडं बाहेर येतं. आतल्या तारेला जास्त वाट चालायची, आणि तिची लांबी तर तेवढीच. म्हणजे ती दुसऱ्या टोकाला ओढली जाणारच! मूठ न पिळताही कार्बोरेटरला वाटतं, मालकानं पिळली.

मामानं रंग दिल्यावर अॅक्सिलरेटरची वायर हँडलखालच्या नळीच्या चुकीच्या बाजूनं नेली होती आणि वर सुबक दिसावी म्हणून पट्टीनं घट्ट बांधली होती. दिसायला एकदम फक्कड! आता विचार करा, गल्लीतून बाहेर पडून डावीकडे वळताना, मागे मी बसलेलो असताना, गाडीनं आपणहून उडी घेतली असती तर? समोर एस. टी. चा रस्ता. मामा काही बोलला नाही. त्यानं टाकी उचलली, वायर दुसऱ्या बाजूनं फिरवून घेतली आणि पट्टी सैल केली. मग मिस्त्रींनी मूठ पूर्ण पिळून सोडून दिली. ती 'खट्' आवाज करून आपली आपण मागे आली. हँडल मधे, डावीकडे, उजवीकडे, तिन्ही जागी ती अशीच परत आली पाहिजे.

आता पुढचा ब्रेक. मोटारसायकलीला खरं थांबवतो तो पुढचा ब्रेक, हे पुष्कळ मोठ्या माणसांनाही पटत नाही. एस. टी. त उभं असताना ड्रायव्हरनं ब्रेक मारला की तुम्ही कुठे जाता? पुढे! गाडीचंही तसंच होतं. भार पुढच्या चाकावर जातो, मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाला रस्त्याची पकड कमी, म्हणून नुसता मागचा ब्रेक दाबला की ते फरफटत जातं.

मामाच्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हर थेट मुठीला जाऊन टेकत होती. मामानं खाली चाकाजवळचा नट आवळत आवळत आटे संपवले होते, तरी फरक नाही. "वायर नवी आहे, ताणेल अजून," तो म्हणाला. मिस्त्रींनी मान हलवली. नवी वायर थोडी बसते हे खरं, पण आटे संपेपर्यंत नाही. आटे संपले म्हणजे रोग दुसरीकडे आहे.

ड्रम ब्रेक आतून कसा असतो? चाकाच्या मधोमध एक डबा, त्याच्या आत अर्धचंद्रासारखे दोन शू, शूवर खरखरीत लायनर. दोन शूंच्या टोकांमध्ये एक चपटा कॅम. वायरीनं बाहेरचा आर्म ओढला की कॅम फिरतो, शू फाकतात आणि फिरत्या डब्याला आतून घासतात. हा आर्म कॅमच्या दांड्यावर बारीक दात्यांवर बसलेला असतो. एक-दोन दाते इकडेतिकडे झाले की आर्मचा कोन बदलतो.

कोनानं एवढं काय बिघडतं? सायकल चालवताना लक्ष द्या. पायटा आडवा असताना पाय दाबला की सायकल सरकन पुढे जाते. तोच पायटा अगदी तळाशी असताना कितीही जोर करा, नुसते हापसाल! ब्रेकच्या आर्मचंही तसंच. ब्रेक लागण्याच्या क्षणी वायर आणि आर्म यांच्यात साधारण काटकोन असला, की हाताचा सगळा जोर कामाला येतो. मामाच्या गाडीत आर्म आधीच वायरीच्या दिशेनं झुकलेला होता. शू टेकेपर्यंत काटकोन कधीच मागे पडायचा.

"इथे खूण असते, साहेब." मिस्त्रींनी नखानं आर्मवरचा नवा काळा रंग खरवडला. खाली एक छोटासा ठिपका निघाला. तसाच ठिपका दांड्यावर. दोन्ही ठिपके समोरासमोर यायला हवेत, ते दोन दाते चुकले होते. रंगाखाली खूणच दडून गेली, त्याला मामा तरी काय करणार! (मला विचाराल, तर खोलण्याआधी प्रत्येक जोडाचं चित्र वहीत काढून ठेवायला हवं होतं. आता मोबाइलवर फोटो काढता येतो, तेव्हा तर निमित्तच नाही.)

त्यांनी चाक काढलंच होतं, म्हणून लायनरही तपासले. कॅमला लावलेलं ग्रीस लायनरवर आलं नव्हतं, नाहीतर नवे लायनर बाद झाले असते. एक सांगतो. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, आणि त्याची धूळ फुप्फुसांना फार वाईट. ड्रममधली धूळ तोंडानं फुंकर मारून उडवायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची. चाक परत बसवताना ब्रेकच्या प्लेटची खाच पुढच्या फोर्कच्या खुंटीत बसली की नाही, हे मिस्त्रींनी मला वाकून बघायला लावलं. तीच खुंटी प्लेटला धरून ठेवते. ती चुकली तर ब्रेक लागल्याबरोबर प्लेटच चाकाबरोबर फिरायला लागेल.

मग गल्लीत पहिली फेरी. इंजिन बंद, मामा गाडी ढकलत चालतोय आणि मधेच ब्रेक दाबतोय. पुढचा फोर्क खाली बसला, चाक जागच्या जागी थांबलं. त्यानंतर पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगानं. नव्या लायनरचा सगळा पृष्ठभाग ड्रमला सुरुवातीला टेकत नाही, फक्त उंचवटे टेकतात. ते घासून बसेपर्यंत ब्रेक थोडा कमीच लागतो. म्हणून हळू वेगात, मधे थंड व्हायला वेळ देऊन, पुन्हा पुन्हा दाबायचा. घाट उतरणं हे पहिल्या दिवसाचं काम नव्हेच.

चार फेऱ्या झाल्यावर मिस्त्रींनी मागच्या चाकाच्या ड्रमजवळ हात नेला. धग लागत होती. पुढचा ड्रम कोमट आणि मागचा गरम! कारण साधं होतं. "ब्रेक जवळ पाहिजे," म्हणून मामानं पेडलला जराही मोकळी चाल ठेवली नव्हती. ब्रेक सतत किंचित लागलेलाच. पुष्कळ १०० सीसी गाड्यांना मागच्या पेडलला २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. क्लचलाही अशीच चाल हवी. ती नसली तर क्लच घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी जागेवर!

ही धग येते कुठून? हिशेब करू. गाडी ११० किलो, मामा ६५, मी ४५, मिळून २२० किलो. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. तुम्ही 'अरे बापरे' म्हणेपर्यंत गाडी एकापुढे एक उभ्या चार रिक्षांइतकी पुढे जाते! एवढ्या वेगातली गतिज ऊर्जा होते सुमारे १३,५०० ज्यूल. थांबताना तिची मुख्यतः उष्णता होते. तेवढ्या उष्णतेनं २०० मिलिलिटर पाणी साधारण १६ अंशांनी तापेल. वेग दुप्पट करा, ताशी ८०, तर ऊर्जा चौपट. घाटात तर थांबायचंही नसतं, नुसतं रोखून धरायचं असतं, तासभर. म्हणून उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनलाच थोडी ओढ घ्यायला लावतात.

सगळं झालं असं वाटलं तेव्हा मिस्त्री मागच्या चाकाशी बसले आणि म्हणाले, "इथली पिन कुठंय?"

मागच्या ब्रेकच्या प्लेटला धरून ठेवणारा एक दांडा असतो. पुढे जे काम खुंटी करते, ते मागे हा दांडा करतो. त्याच्या बोल्टच्या टोकाला आरपार भोक असतं आणि त्यात स्प्लिट पिन घालून तिचे पाय वाकवतात, म्हणजे हादऱ्यांनी नट गळून पडू नये. भोक रिकामं होतं.

मी डबी घेऊन आलो. मिस्त्रींनी ती पिन बघितली, बाजूला टाकली आणि खिशातून नवी काढली. एकदा वाकवून सरळ केलेली पिन परत वापरायची नाही, तिचे पाय तुटतात. मग नट घाटात गळला तर दांडा सुटला असता, प्लेट फिरली असती आणि ब्रेक मारल्याबरोबर मागचं चाक जागीच जाम झालं असतं. हे त्यांनी फार हळू आवाजात सांगितलं. आजी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती.

आताच्या नव्या गाड्या पुष्कळ बदलल्या आहेत. २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय आणि त्याहून मोठ्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. अनेकांना पुढे डिस्क ब्रेक असतो, तिथे वायरीऐवजी नळीतलं द्रव जोर पोचवतं. पास्कलचा नियम! द्रव दाबलं जात नाही, हवा मात्र दाबली जाते. म्हणून जोडणी करताना नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर लिव्हर स्पंजासारखी लागते, आणि ती हवा काढून टाकावी लागते. हे काम जाणकारांचंच.

गिअरची मोटारसायकल चालवायला वयाची १८ वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा तुम्ही अजून पाने पुसा! पण सायकल तर आहे ना? नवी सायकल दुकानात बहुतेक वेळा सुट्या भागांत येते आणि तिथेच जोडली जाते. पालकांनीही जरा वेळ काढा आणि मुलांबरोबर बसा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, ब्रेक आपोआप लागतो का? लिव्हर जोरात दाबली तर मूठ आणि लिव्हर यांच्यात दोन बोटं तरी जागा राहते का? चाक उचलून फिरवा, ते कुठे घासतं का? पुढचं चाक दोन पायांत धरून हँडल वळवायचा प्रयत्न करा. चाक तसंच राहून हँडल फिरलं तर त्याचा बोल्ट सैल आहे. आणि साखळीला तेल देताना एक थेंबही रिमवर नको.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावी गेलो, पण एस. टी. नं. मोटारसायकल पुढचे दोन आठवडे गल्लीतच फिरली. रोज संध्याकाळी मामा पेडलची चाल फूटपट्टीनं मोजायचा आणि मी ती वहीत लिहून ठेवायचो.