मरहूम अब्बांची फौजेतली नोकरी कशी शोधायची?

घरात अब्बांचं जुनं डिस्चार्ज बुक असेल तर आधी ते काढा. त्यावरचा सैनिक नंबर आणि रेजिमेंट कळल्याशिवाय काम पुढं सरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या कागदांत गोंदिया जिल्हा सापडणार नाही. तो 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. तेव्हा जिल्हा भंडारा आणि प्रांत ‘सी. पी. अँड बेरार’. शेख, सय्यद ही नावंही कारकुनानं ऐकली तशी लिहिलेली असतात, म्हणून अर्जात दादांचं नाव आणि गाव जरूर टाका.

अर्ज रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला करायचा. माहितीच्या अधिकारातही चालतो. मात्र बलुच, फ्रंटिअर फोर्स या रेजिमेंट 1947 च्या वाटणीत पाकिस्तानकडे गेल्या. अब्बा त्यांत असतील तर शोध अवघडच.

‘पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं 25 वर्षांनी नष्ट केली’ असं उत्तर आलं, तरी हात टेकू नका. लाँग रोल हे रजिस्टर कायम ठेवतात; त्यातल्या नोंदीची नक्कल मागा.

अम्मी हयात असतील तर उशीर नको. महायुद्धातल्या, पेन्शन नसलेल्या सैनिकांच्या विधवांना राज्य सरकारचं मासिक अनुदान आहे. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा, आणि जाताना नोकरीचा जो पुरावा हाती असेल तो सोबत न्या.