सारायेव्होचे गाणे आणि त्याचा जिवंत साक्षीदार

युद्धावरील कलाकृतीची चर्चा निघाली की आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : ती युद्धाच्या विरोधात आहे की नाही? मला हा प्रश्न अपुरा वाटतो. युद्धाच्या विरोधात नाही कोण? शस्त्रे विकणारासुद्धा शांततेवर भाषण करतो. विचारायचे ते वेगळेच. या कलाकृतीत तोफ कोणाच्या हाती आहे? ती कोणावर रोखलेली आहे? आणि ज्याच्यावर रोखलेली आहे त्याला या कथेत बोलायला किती जागा मिळाली?

'डेड विंटर डेड' या अमेरिकन ध्वनिमुद्रिकेला हे प्रश्न विचारून पाहण्यासारखे आहे. फ्लोरिडातील 'सॅव्हाटाज' या वाद्यवृंदाने ती १९९५ साली काढली. ज्या प्रकारात ती मोडते त्याला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. इलेक्ट्रिक गिटारचा फाटलेला, जड आवाज आणि ढोलांचा मारा हे मेटलचे अंग. सतत बदलणारा ठेका, लांबलचक रचना आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताची उचल हे दुसरे अंग. येथे पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत एकच कथा चालते, आणि ती बोस्नियाच्या युद्धाची आहे. मुद्रिका बाजारात आली तेव्हा सारायेव्हो शहराचा वेढा उठलेला नव्हता. एप्रिल १९९२ मध्ये पडलेला तो वेढा फेब्रुवारी १९९६ मध्ये संपला. दुसऱ्याचे घर जळत असताना केलेली ही रचना आहे. तिचे मोल आणि तिची मर्यादा दोन्ही येथूनच सुरू होतात.

कथा थोडक्यात अशी. सर्ब तरुण सैनिकी टोळीत सामील होतो आणि टेकड्यांवरून रोज रात्री शहरावर तोफगोळे टाकतो. शहरातली मुस्लिम तरुणी शस्त्रांच्या व्यापाऱ्यांकडून बंदुका घेते आणि साथीदारांबरोबर टेकड्यांच्या दिशेने गोळ्या झाडते. एक म्हातारा संगीतकार अनेक वर्षांनी जन्मगावी परततो. लोक तळघरांत लपतात तेव्हा तो चौकातल्या ढिगाऱ्यावर बसून चेलो वाजवतो. ठार झालेली मुले पाहून तरुणाचे मन फिरते. नाताळच्या आदल्या रात्री चेलो थांबतो. तरुण आणि तरुणी वेगवेगळ्या वाटांनी चौकात पोचतात, म्हाताऱ्याचे प्रेत पाहतात आणि दोघे मिळून युद्ध सोडून जातात.

या कथेतला शस्त्रांचा व्यापारी मला सगळ्यांत खरा वाटतो. त्याला धर्म नाही, द्वेषही नाही. फक्त गिऱ्हाईक आहे. शीतयुद्ध संपल्यावर उरलेला माल तो खपवतो आहे. युद्धाच्या गाण्यांत अश्रू ढाळणारे पुष्कळ भेटतात, हिशेब मांडणारा क्वचित भेटतो. गीतकार पॉल ओनील यांनी तो आणला, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

परंतु तरुण आणि तरुणी यांना त्यांनी एकाच तराजूत घातले, येथे माझा आक्षेप आहे. तो तोफ डागतो, ती बंदूक चालवते. म्हणजे दोघेही वाट चुकलेले, दोघांनाही सारखाच पश्चात्ताप! वास्तव असे नव्हते. टेकड्यांवरच्या सैन्याकडे जुन्या युगोस्लाव्ह सैन्याच्या तोफा होत्या. संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर १९९१ मध्ये संपूर्ण युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी घातली. ज्याच्याकडे शस्त्रे होतीच त्याला या समान नियमाने काय फरक पडणार? जो रिकाम्या हाताचा होता तो अडकला. शिवाय शहरात केवळ मुस्लिम राहत नव्हते. तिथल्या सर्बांवरही तेच गोळे पडत होते, आणि शहराचा बचाव करणाऱ्या सेनापतींपैकी योव्हान दिव्याक हे स्वतः सर्ब होते. भांडण दोन धर्मांचे होते असे म्हटले की वेढा घालणारा आणि वेढ्यात सापडलेला हा भेदच पुसला जातो. हेगच्या न्यायालयाने तो पुसू दिला नाही. वेढा घालणाऱ्या सैन्याचे एक सेनापती स्तानिस्लाव गालिच यांना नागरिकांवर दहशत बसवल्याबद्दल २००६ मध्ये अपिलात जन्मठेप झाली.

आता त्या म्हाताऱ्याकडे येऊ. त्याच्यामागे एक खरा माणूस आहे : व्हेद्रान स्माइलोविच. २७ मे १९९२ रोजी सारायेव्होत पावासाठी रांगेत उभ्या असलेल्या लोकांवर तोफगोळा पडला आणि वीसहून अधिक माणसे मेली. स्माइलोविच त्या जागी काळा समारंभी पोशाख घालून चेलो वाजवायला बसले. पुढे ते दफनविधींतही वाजवत, जळून गेलेल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या भग्न कमानींखालीही वाजवत. ते म्हातारे नव्हते, पस्तिशी नुकतीच ओलांडलेली होती. ते परदेशातून परतलेले नव्हते, वेढ्यातच अडकलेले होते. आणि ते मेले नाहीत. १९९३ च्या अखेरीस ते शहराबाहेर पडले आणि उत्तर आयर्लंडमध्ये जाऊन राहिले.

कथेला मात्र त्यांचे प्रेत हवे होते. मेलेला साक्षीदार सोयीचा असतो. तो तुमच्या रचनेतल्या चुका दाखवत नाही. २००८ मध्ये स्टीव्हन गॅलोवे या कॅनडाच्या लेखकाची सारायेव्होच्या चेलोवादकावरची कादंबरी आली, तेव्हा स्माइलोविच यांनी जाहीर संताप व्यक्त केला : माझी गोष्ट मला न विचारता घेतली, भरपाई द्या. पुष्कळांना ते रुचले नाही. शांततेचे प्रतीक झालेल्या माणसाने पैशाची भाषा कशी करावी? मला उलट तीच भाषा न्यायाची वाटते. त्याने रस्त्यावर जीव धोक्यात घातला, आणि त्यावर नाव आणि मानधन दुसऱ्याने मिळवले. याबद्दल त्याने गप्प बसावे, हा कोणता संकेत?

संगीताच्या बाजूनेही अशीच एक गंमत आहे, कडू गंमत. या मुद्रिकेतील 'ख्रिसमस ईव्ह (सारायेव्हो १२/२४)' ही शब्दांविना रचना अमेरिकेच्या रेडिओवर गाजली. ओनील आणि साथीदारांनी १९९६ मध्ये 'ट्रान्स-सायबेरियन ऑर्केस्ट्रा'च्या पहिल्या मुद्रिकेत ती पुन्हा घेतली, आणि आता ती डिसेंबरातल्या खरेदीची धून झाली आहे. ओनील यांनी तिचा अर्थ सांगितला होता : वाद्यवृंद ही एक बाजू, रॉक बँड ही दुसरी आणि एकटा चेलो म्हणजे तो एकटा माणूस. दुकानात ट्रॉली ढकलणाऱ्याला यातले काय पोचते? तिच्यातली सर्वांत प्रसिद्ध चाल युक्रेनच्या मिकोला लेओंतोविच यांची. त्यांना जानेवारी १९२१ मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या हस्तकाने गोळी घातली. एका मारलेल्या माणसाची चाल, दुसऱ्या देशातल्या वेढ्याचे नाव, आणि तिसऱ्या देशातला सण!

तरीही विद्यार्थ्यांना ही मुद्रिका ऐकवावी असे मी म्हणेन. फक्त शेजारी सारायेव्होचा नकाशा उघडा ठेवावा. भोवतालच्या टेकड्या आणि तळाशी लांबट खोऱ्यात पसरलेले शहर पाहिले की तोफ कोठून कोठे डागली जात होती ते निराळे सांगावे लागत नाही. आणि शेवटचे गाणे दोनदा ऐकवावे. त्यात अनेक आवाज एकाच वेळी वेगवेगळे शब्द गातात, कोणी कोणाच्या मागे साथ धरत नाही. आधी नुसता गोंधळ वाटतो. मग कान एकेक आवाज निवडू लागतो. कथेने जी गुंतागुंत टाळली ती येथे गळ्यांनी पेलली आहे. मात्र त्या आवाजांत चेलो वाजवणाऱ्याचा आवाज नाही.