मैंदर्गीच्या वाटेवरचं उंची जेवण

अक्कलकोटहून दुधनीकडं निघालं की वाटेत मैंदर्गी लागतं. कर्नाटकाची हद्द इतकी जवळ, की गिऱ्हाइकाशी मराठीत बोलणारी खानावळीतली अक्का चुलीकडं वळली की कन्नडमध्ये बोलते. पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं, स्टीलची ताटं. पुण्याच्या हॉटेलांत स्वयंपाक करण्यात माझं आयुष्य गेलं. तरीही सांगतो, इतकं उंची जेवण मी फार थोड्या ठिकाणी जेवलो.

उंची हा शब्द मी जपून वापरतोय. मिशलिन या फ्रेंच टायर कंपनीनं १९०० साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली आणि १९२६पासून ती उत्तम जेवणाला तारे देऊ लागली. तिचे परीक्षक मालाचा दर्जा, हातातली कला, चवींचा मेळ, आचाऱ्याची स्वतःची छाप आणि सातत्य एवढंच पाहतात. झुंबरं आणि गालिचे त्यांच्या हिशेबात नसतात. म्हणून तर जर्मनीतल्या बव्हेरियात खेड्यातल्या साध्या खानावळीलाही तारा मिळू शकतो.

आता इथली कडक भाकरी बघा. ज्वारी मालदांडी, रब्बीची. पावसाळा सरताना पेरायची आणि काळ्या रानानं धरून ठेवलेल्या ओलीवर वाढवायची. याच सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळं पीठ गव्हासारखं ताणलं जात नाही. उकळत्या पाण्यानं त्यातला स्टार्च फुगवावा लागतो, तेव्हा कुठं ते एकजीव होतं. मग एकेका भाकरीपुरता गोळा मळायचा, कड न फाटता पापडाइतका पातळ थापायचा, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा. शेवटी मंद आचेवर सगळा ओलावा जाईपर्यंत शेकायचा. घाई केली तर बाहेरून करपते आणि आत वातड राहते. अक्का म्हणाली, "जाळ मोठा करून चालत नाही दादा. दमानं घेतलं तरच कुरकुरीत होत्यात." अशी भाकरी कित्येक दिवस टिकते. मोठ्या हॉटेलातला कसलेला हातसुद्धा या कामाला चटकन सरावत नाही, हे मी स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहिलंय.

सोबत एण्णेगाई, म्हणजे देठासकट चिरून शेंगदाणे, तीळ, कारळं आणि काळा मसाला भरलेली कोवळी वांगी. चिंच-गुळाचं प्रमाण असं, की तिखट आधी लागतं आणि आंबटगोड मागून येतं. शेंगाचटणी उखळात कुटलेली. मिक्सरच्या पात्यानं दाण्याचा भुगा होतो. मुसळाच्या घावानं दाणा चेपून तेल सोडतो, आणि लसूण-तिखट त्या तेलात मुरतं. वर घट्ट दही. ताटात यापलीकडं काही नाही, आणि काही हवंसंही वाटत नाही.

या भागातल्या लिंगायत खानावळी शुद्ध शाकाहारी. बाराव्या शतकातल्या बसवण्णांनी कष्टाला कायक म्हणून पूजेचं मोल दिलं, आणि कायकातून आलेलं वाटून खायचं, ते दासोह. अक्का वाढताना आग्रह करते तो त्याच वळणाचा, असं मला मनापासून वाटतं.

जायचं तर थंडीत जा. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला मात्र खानावळीच्या भरवशावर राहू नका. त्या दिवशी या पट्ट्यातली घरंच्या घरं रानात जातात, कडधान्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी नि आंबील घेऊन, आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात.