आजोबांचं फोल्डर उघडत का नव्हतं?

आमच्या इंदूरच्या घरी बैठकीच्या खोलीत आजोबांचा विंडोजचा कॉम्प्युटर आहे. घराण्याची वंशावळ, पणजोबांची पत्रं, स्कॅन केलेले जुने फोटो, सगळं त्या एकाच मशीनवर. दिवाळीला ताई पुण्याहून मॅकबुक घेऊन आली. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू. आजोबांनी फोल्डर शेअर केलं, पण ते ना ताईकडे उघडलं, ना माझ्याकडे.

"एका घरात राहून तुमच्या यंत्रांची ओळख नाही का रे?" आजोबांनी विचारलं.

ओळख असते. तिन्ही यंत्रांना एसएमबी ही भाषा येते. लिनक्सवर ते काम सांबा हे सॉफ्टवेअर करतं. गाडी अडते ती बहुतेक चार ठिकाणी, आणि तपासायचंही त्याच क्रमाने.

पहिला रस्ता. सगळी यंत्रं एकाच वाय-फायवर हवीत. पाहुण्यांसाठी ठेवलेलं गेस्ट नेटवर्क बहुधा घरातली इतर यंत्रं दिसूच देत नाही. ताई नेमकी त्यावरच होती!

दुसरा पत्ता. यादीत कॉम्प्युटरचं नाव दिसलं नाही तरी तो सापडू शकतो. विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये त्याचा आयपी पत्ता असतो. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के, उबुंटूच्या फाइल्समध्ये कंट्रोल आणि एल दाबा. मग एसएमबी ही इंग्रजी अक्षरं, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पुढे तो पत्ता लिहा.

तिसरं दार. विंडोजमध्ये घरचं नेटवर्क 'पब्लिक' असेल तर फायरवॉल दार लावून बसते. ते 'प्रायव्हेट' करा आणि फाइल शेअरिंग चालू करा.

चौथी किल्ली, आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. आजोबा रोज पिन टाकतात, तोच आम्ही टाकत होतो. पण पिन फक्त त्या मशीनपुरता असतो. नेटवर्कवरून यायचं तर खात्याचा पासवर्ड लागतो, आणि तो आजोबांना आठवेना. शेवटी त्यांच्या कॉम्प्युटरवर आमच्यासाठी एक वेगळं लोकल खातं उघडलं आणि त्याला पासवर्ड दिला. फोल्डरच्या 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' या दोन्ही ठिकाणी त्या खात्याला फक्त वाचायची परवानगी दिली. दोन्हींपैकी जी कडक, तीच लागू होते.

एक सल्ला मात्र ऐकू नका: "जुनं एसएमबी १ चालू कर, सगळं चालेल." 2017 साली वॉनाक्राय हा व्हायरस त्यातल्याच त्रुटीतून जगभर पसरला होता.

फोल्डर उघडल्यावर ताईने आधी सगळं एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतलं. शेअर केलेलं फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. मूळ मशीन बिघडलं की फोल्डरही गेलं. मग आजोबांनी वंशावळीत ताईच्या लेकीचं नाव घातलं. आम्ही फाइल पुन्हा उघडली, तर ते मॅकवरही दिसलं आणि उबुंटूवरही.

"झाली बघा ओळख," आजोबा म्हणाले.