मजकूर टिकला, फॉन्ट हरवला

माझ्याकडे १९९५ च्या आसपासच्या काही फ्लॉपी आहेत. जुना ड्राइव्ह मिळवून त्यांतली एक उघडली, तेव्हा माझ्या लेखांच्या फाइली शाबूत दिसल्या. पण पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे उमटली. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या बहुतेक मराठी फॉन्टांत काना, वेलांटी, अर्धे अक्षर अशा तुकड्यांना रोमन अक्षरांचेच क्रमांक दिलेले असत. कोणत्या क्रमांकावर कोणता तुकडा, हे प्रत्येक उत्पादक आपल्या सोयीने ठरवी. तो फॉन्ट गेला की लेख गेला. म्हणून मजकुराबरोबर तो दाखवणारे सॉफ्टवेअरही जपावे लागते. ते कसे जपावे, हे अमेरिकेतील हौशी संगणकप्रेमींनी पूर्वीच दाखवून दिले आहे.

फ्रेड फिश या प्रोग्रामरने १९८६ च्या सुमारास अमिगा संगणकासाठी क्रमांक घातलेल्या फ्लॉपी काढायला सुरुवात केली. १९९४ पर्यंत त्यांची संख्या अकराशेच्या घरात गेली. प्रत्येक फ्लॉपीत ८८० किलोबाइट जागा आणि आत काय आहे याची वर्णनासह यादी. ज्यांच्या प्रती वाटण्यास हरकत नाही, असेच प्रोग्राम ते घेत. त्यामुळे गावोगावची संगणक मंडळे निर्धास्तपणे पुढच्या प्रती काढत.

सीडी आल्यावर हे काम आणखी स्वस्त झाले. एका सीडीत सुमारे ६५० मेगाबाइट, म्हणजे अशा सातशेहून अधिक फ्लॉपी मावत. सेकंदाला १४,४०० बिटांच्या मोडेमवरून तेवढा मजकूर उतरवायला चार दिवसांहून अधिक काळ फोन चालू ठेवावा लागला असता. छापील सीडीचा मुख्य खर्च साचा तयार करण्याचा. साचा झाला की पुढची प्रत अल्प खर्चात निघते. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या वॉलनट क्रीक या कंपनीने याच हिशेबावर सॉफ्टवेअरचे संग्रह विकले. त्यांत सिमटेल हा मोठा संग्रह होता. तो न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र तळावरच्या संगणकावर असे. १९९३ मध्ये तो संगणक बंद झाला, पण संग्रह बुडाला नाही. त्याच्या प्रती तोवर अनेकांकडे पोहोचल्या होत्या.

मराठीसाठी यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली परवानगीची. जुन्या फॉन्टांचे हक्क उत्पादकांकडे असतात. ते परस्पर वाटता येत नाहीत. अकादमींनी उत्पादकांकडून लेखी संमती मिळवावी आणि फॉन्ट, त्याचा क्रमांकतक्ता व माहितीपत्रक यांची डिस्क वाचनालयांना खर्चापुरत्या किमतीत द्यावी. दुसरी नोंदीची. लेखकाने जुन्या फाइलीसोबत फॉन्टचे आणि सॉफ्टवेअरचे नाव लिहून ठेवावे, आणि फॉन्ट हाताशी आहे तोवर मजकूर युनिकोडमध्ये आणावा. घरी भरलेल्या सीडीवरही विसंबू नये. तिच्यातला रंगाचा थर काळाने खराब होतो. निदान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात.

माझा फॉन्ट अखेर एका छापखान्यातल्या जुन्या संगणकावर सापडला. मालकाने तो संगणक अजून भंगारात दिला नव्हता, म्हणून माझे लेख आज वाचता येतात.